उत्तरासाठी सोडलेली जागा

घरातून निघताना तुम्ही 'येतो' किंवा 'येते' म्हणता, पण आतून कुणी 'ये' म्हणेपर्यंत उंबऱ्यात थांबता का? की चपलेत पाय सरकवत, फोनवर बोट फिरवत ते म्हणून टाकता आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरता?

आम्ही थांबतो. आम्ही म्हणजे तंजावूरची मराठी माणसं. आमचे पूर्वज मराठा राजांबरोबर इकडे आले तेव्हा तेही आपापल्या दारात 'जाऊन येतो' म्हणूनच निघाले असणार. त्यांना परत जाणं जमलं नाही. म्हणूनच की काय, आम्ही हा शब्द फार जपून वापरतो. आमच्या घरातून निघणारा 'जाऊन येतें' म्हणतो, आणि समोर जो असेल त्याने 'जाऊन ये' म्हणायचंच. शेजारची तमिळ घरंही त्यांच्या भाषेत अगदी हेच बोलतात, आणि हे कुणी कुणाकडून उचललं हे कुणालाच माहीत नाही. उत्तर मिळालं नाही तर माणूस निघत नाही. एकदा माझी आई दारात उभी आणि वडील मोरीत चूळ भरत होते. त्यांचं तोंड रिकामं होईपर्यंत तिची टाऊन बस कोपऱ्यावरून निघून गेली. आई परत येऊन खुर्चीत बसली. "चूळ भरताना मान तरी हलवायची," ती म्हणाली. वडील म्हणाले, "मान हलवून कोण जातं?"

हे सगळं आमच्या बँडमुळे सांगावं लागतंय.

आम्ही चौघं. गाते ती माझी मामेबहीण, माझ्याहून लहान, मला अक्का म्हणते. गिटारवाला जुन्या बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करतो. ड्रम वाजवते ती एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. मी बेस गिटार वाजवते आणि शब्द लिहिते. गिटारवाला आणि नर्स तमिळ, आम्ही दोघी मराठी, आणि गाणी आमच्या घरच्या मराठीत, म्हणजे जी मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात आणि आम्ही देवनागरीत क्वचितच लिहितो, तिच्यात. नर्सच्या घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून एक खोली आहे. दुपारी शेजारी कामावर गेले की आम्ही तिथे वाजवतो.

सुरुवातीची आमची गाणी धुक्यातली होती. लहानपणी आम्ही दोघी उन्हाळ्यात मामीबरोबर गावाकडच्या कालव्यावर आंघोळीला जायचो. पाण्याखाली डोकं घातलं की काठावरून मामी हाक मारतेय हे कळायचं, शब्द कळायचे नाहीत. हाक गोल होऊन यायची, कुठूनही यायची, आपल्या छातीतूनच आल्यासारखी. बहिणीला गाण्यात तसाच आवाज हवा होता. गिटारवाल्याने एक प्रतिध्वनीचं पेडल मिळवलं. एक तार छेडली की तो सूर लांबत, विरघळत, दुसऱ्या सुरात मिसळत राहायचा. नर्स काठ्यांऐवजी तारांचे कुंचले ड्रमवर फिरवायची. त्या सगळ्याच्या तळाशी बहिणीचा आवाज. शब्द कुणाला कळायचे नाहीत, कळू नयेत अशीच योजना होती. कॉलेजातली मुलं आमच्या कार्यक्रमाला येऊन डोळे मिटून बसायची. मला ते मिटलेले डोळे फार आवडायचे.

का ते सांगते. मी पत्रकांत वाढले. आई आणि वडील दोघंही कामगार संघटनेत. पंगतीला केळीची पानं मांडावीत तशी आमच्या घरी जमिनीवर पत्रकं पसरलेली असायची, शाई वाळेपर्यंत त्यांच्यावरून चालायचं नाही. तमिळ अक्षरं मी पाठ्यपुस्तकाआधी पत्रकांवर शिकले. मोर्चात वडिलांच्या खांद्यावर बसून घोषणेचा दुसरा अर्धा भाग मी ओरडायचे. पहिल्या अर्ध्याचा अर्थ मला नंतर, बऱ्याच वर्षांनी कळला. त्या पत्रकांवर आणि त्या माणसांवर माझा अजूनही विश्वास आहे. पण घोषणेनंतर सोडलेल्या जागेवर माझा राग आहे. ती जागा रिकामी दिसते, पण रिकामी नसते. उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि ज्याच्या हातात माइक त्याने ते ठरवलेलं असतं. लोकांच्या तोंडात शब्द घालणं मला लुबाडणूक वाटते. आमच्या धुक्यातल्या गाण्यांत कुणी कुणाला काही ओरडायला लावत नव्हतं. पाण्याच्या टाकीवर मी एक कागदही चिकटवला होता : 'गाण्याने कुणालाही हात वर करायला सांगू नये.' खाली गिटारवाल्याने तमिळमध्ये लिहिलं होतं, 'टाकी भरली की मोटर बंद करावी.'

आता मामांबद्दल. मामा जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले. बहिणीला शिक्षिकेची कायम नोकरी लागली होती, दूरच्या जिल्ह्यात. ती गेली नाही. इथेच राहून शिकवण्या घेते आणि बँडमध्ये गाते. मामांनी तिला एका शब्दाने दुखावलं नाही. जेवताना वाढायला सांगायचे, वर्तमानपत्रातलं वाचून दाखवायचे. फक्त ती गाण्यांची वही काखेत घेऊन दारात आली आणि 'अप्पा, जाऊन येतें' म्हणाली की मामा झोपाळ्यावर बसून पेपर बघत राहायचे. उत्तर नाही. ती उभी राहायची. मामा पान उलटायचे. शेवटी मामी स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन 'जाऊन ये गे' म्हणायची आणि ती निघायची.

हे रोज चालायचं. भांडण झालं असतं तर मी तिच्या बाजूने भांडले असते, भांडणं मला येतात. पण न दिलेल्या उत्तराशी कसं भांडायचं? आमच्याकडे माणसाला घरात ठेवूनही बाहेर ठेवायची ही रीत आहे. बहीण गच्चीवर यायची तेव्हा तिचा चेहरा उन्हातून आल्यासारखा नसायचा, मघापासून उभं राहिल्यासारखा असायचा. तिचं एक गाणं ह्यावरच होतं, हे मलासुद्धा उशिरा कळलं. शेवटची ओळ नुसती 'जाऊन येतें'. पेडलच्या प्रतिध्वनीत ती ओळ इतकी पसरायची की शब्द राहायचेच नाहीत. गाणं तिथेच विरून संपायचं.

तंजावूरच्या मेलवीदी रस्त्यावरच्या एका सभागृहात आमच्या मराठी घरांचा मेळावा असतो. आधी भाषणं, मग मुलांचे नाच, मग जेवण. त्या वर्षी जेवणाआधी आम्हाला वाजवायला सांगितलं, बहुतेक पानं मांडेपर्यंत लोक जागेवर राहावेत म्हणून. पुढच्या रांगेत मावश्या, काकवा, पर्सा मांडीवर. तिसऱ्या रांगेत मामा-मामी. आम्ही ते शेवटचं गाणं सुरू केलं आणि मधेच आचाऱ्याच्या माणसाने कापीचं, म्हणजे कॉफीचं, भांडं तापवायला आमच्या बोर्डातला एक प्लग काढून आपला लावला. तो पेडलचा होता. गिटारवाल्याने खाली पाहिलं, मान वर केली आणि हताश होऊन साधेच सूर वाजवत राहिला. धुकं गेलं. सूर वाजले आणि लगेच संपले. बहीण गात होती, थांबू शकत नव्हती. शेवटची ओळ आली. कोरड्या, उघड्या आवाजात, दारात म्हणावी तशी : "जाऊन येतें."

आणि पुढची सबंध रांग म्हणाली, "जाऊन ये."

त्यांनी ते ठरवून म्हटलं नव्हतं. एक काकू पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, त्यांनी मान वर न करता म्हटलं. एक मावशी शेजारणीशी बोलत होती, तिने वाक्य मधेच तोडून म्हटलं आणि परत पुढे बोलू लागली. मागून कुणी पुस्ती जोडली, "गाडी सावकाश चालव गे." मग आपण काय केलं हे त्यांना कळलं, आणि सगळं सभागृह हसत सुटलं.

मला वाटलं आमची टिंगल झाली. मी रागाने बेसची वायर गुंडाळायला लागले. बहीण मात्र माइक धरून तशीच उभी. माझ्या आयुष्यात इतक्या लोकांनी एका वेळी, काहीही न ठरवता, एका माणसाला सुखरूप परत यायला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं नाही. तिला कळलं. आणि तिला हेही दिसलं की तिसऱ्या रांगेत मामा बोलले नव्हते.

पुढच्या आठवड्यात गच्चीवर ती म्हणाली, "ते गाणं बदलायचं. आवाज वर आणायचा. पेडल नको. ड्रम मोठा. आणि त्या ओळीनंतर सगळ्यांनी थांबायचं."

"किती?" नर्सने विचारलं.

"त्यांनी उत्तर देईपर्यंत."

मी टाकीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

गिटारवाला म्हणाला, "अक्का, तुझ्या कागदात हात वर करायची मनाई आहे. तोंड उघडायची नाही."

"एकच आहे ते. घोषणा आहे ही. आपण म्हणायचं, त्यांनी ओरडायचं."

"ओरडू देत," नर्स म्हणाली. "दोन वर्षं मी कुंचल्यांनी बाळाला झोपवल्यासारखी वाजवतेय. वॉर्डातही हेच, इथेही हेच. माझ्या हातांना कधीतरी काम द्या."

मी बहिणीला म्हटलं, "तुला मोठी गायिका व्हायचंय का? मैदानं, दिवे? तसं सांग सरळ."

ती चिडली नाही. "घोषणेचं उत्तर कोण ठरवतं?"

"माइकवाला."

"मग हे उत्तर मी ठरवलंय का? पर्समध्ये हात घालून बसलेल्या काकूंना मी शिकवलंय?"

तमिळमध्ये बोलत होतो आम्ही, पण पुढचं ती आमच्या मराठीत, फक्त मला म्हणाली, "एकट्याला विचारलं की अप्पा देत नाहीत. सगळ्यांत मिसळून देतात का बघायचंय. मला मैदान नको गे. मला त्यांचं उत्तर पाहिजे."

मग आम्ही ते गाणं उभं केलं. उभं केलं हाच शब्द बरोबर आहे, कारण आधी ते आडवं होतं. नर्सने कुंचले ठेवून काठ्या घेतल्या आणि मोठ्या ढोलावर पहिला ठोका दिला तेव्हा टाकीतल्या पाण्यावर वलय उठलेलं मी स्वतः पाहिलं. गिटारवाल्याने सगळी नक्षी काढून टाकली आणि तीनच सूर ठेवले, कुणालाही गुणगुणता येतील असे. कडव्यात बहीण दारापर्यंत येते, वाण्याकडे, शिकवणीला, नदीवर, कुठेकुठे निघते. मग सगळं चढत जातं, चढत जातं, आणि ती उघड्या गळ्याने म्हणते 'जाऊन येतें', आणि चौघंही थांबतो. वाजवण्यापेक्षा ते थांबणं कठीण होतं. गिटारवाल्याचा हात आपोआप तारेकडे जायचा, नर्स त्याच्या मनगटावर काठी मारायची. दोन वर्षं जिचा आवाज आम्ही पाण्यात बुडवून ठेवला होता ती त्या खोलीत गात होती, आणि मी कागद चिकटवणारी, बेस धरून नुसती तिच्याकडे बघत होते. माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्याचा मला रागही येत होता.

पहिल्यांदा ते गाणं आम्ही नर्सच्या गावी वाजवलं. कावेरीच्या कालव्यावरचं गाव, देवीचा उत्सव. ठरलेली वाद्यवृंदाची मंडळी आली नाहीत म्हणून तिच्या काकांनी आम्हाला बोलावलं. मामाही आले. गाणं ऐकायला नाही, असं त्यांनी गाडीत बसतानाच सांगितलं. नर्सच्या घरच्या शेतातला तांदूळ चांगला असतो, तो घ्यायला.

उत्सवात आवाजासाठी कर्णे होते, पत्र्याचे, कालव्याच्या काठाने माडांना ओळीने बांधलेले, गावाच्या पार टोकापर्यंत. कर्ण्यातून धुकं जात नाही. आमचं जुनं गाणं तिथे खरखर झालं असतं. माणसाचा आवाज तेवढा जातो, चिरत जातो. ऊन उतरलं होतं. लोक देवळापुढे बसलेले, काही बांधावर, काही कालव्यात म्हशी धूत. मामा सगळ्यांच्या मागे, एका ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, तांदळाच्या पोत्याशेजारी.

बहीण तमिळमध्ये एवढंच म्हणाली, "आमच्या घरी निघताना असं म्हणतात," आणि ओळ एकदा साध्या आवाजात म्हणून दाखवली. पुढे काय करायचं ते सांगितलं नाही. ते न सांगणं माझी अट होती.

गाणं चढलं. ती म्हणाली, "जाऊन येतें." आम्ही थांबलो.

सबंध देऊळ-पटांगण तमिळमध्ये म्हणालं, 'जाऊन ये'. लहान मुलं, पुजारी, शेंगदाणे विकणारी बाई. ते इतकं सहज आलं की मला क्षणभर वाटलं हे लोक घरातूनच बोलतायत. त्याच्या पाठोपाठ, थोडं उशिरा, कालव्याच्या बाजूने दुसरं उत्तर आलं. दूरच्या कर्ण्याखाली म्हशी धुणाऱ्यांचं. त्याहूनही पलीकडून, भाताच्या शेतांवरून, तिसरं, जेमतेम ऐकू येणारं. आम्हाला न दिसणारी माणसं तिला परत यायला सांगत होती. तिची भाषा त्यांना येत नव्हती. पेडलमधून आम्ही जो प्रतिध्वनी विकत आणला होता तो किती लहान होता ते मला तिथे कळलं. इथे प्रत्येक प्रतिध्वनी म्हणजे वेगळा माणूस होता.

मी मामांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली होती. त्यांचं तोंड उघडलं. तेवढ्यात ढोलावर नर्सचे ठोके पडले, धडाधड, आणि गाणं पुढे गेलं. मामांनी तोंड मिटलं.

परतताना गाडीत लोकांचं कौतुक करत होतो आम्ही सगळे. बहीण खिडकीबाहेर बघत होती. "सगळ्यांनी दिलं," ती हळूच म्हणाली. पुढच्या सीटवर मामा तांदळाबद्दल बोलत होते.

दोन-चार दिवसांनी मी मामीकडे काही द्यायला गेले. मामा तिण्णैवर, म्हणजे घराच्या बाहेरच्या ओट्यावर बसले होते. "बैस," ते म्हणाले. मी बसले. त्यांनी पेपराची घडी घातली, मोडली, परत घातली.

"ती तुमची ढोलवाली," ते म्हणाले. "कोणाच्या मागे लागलीय ती?"

"का मामा?"

"माणसाला श्वास घ्यायला वेळ पाहिजे, न्हवे का? तरण्या पोरांचं काय, बोललं की झालं. मी तोंड उघडतो तोवर तिने सुरूही केलं. असं कोणी दारातून जातं का? विचारायचं आणि उत्तराआधी पळायचं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही उत्तर देणार होता?"

"मी काय करणार होतो ते सोड. वेळ नव्हता, एवढं सांगतोय."

मी पत्रकांत वाढलेली, मला गप्प बसवेना. "घरी दारात तर वेळच वेळ असतो, मामा. ती किती वेळ उभी असते."

मामांनी पेपराची घडी परत मोडली. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग म्हणाले, "ती माझ्याकडे बघत उभी राहते गे. असं बघत राहिलं की शब्द येत नाही. आत जा, मामीने कापी केलीय."

गच्चीवर मी म्हटलं, "ती थांबायची जागा लहान आहे. दुप्पट करा. त्याहून जास्त."

तिघांनीही माझ्याकडे बघितलं. गिटारवाला म्हणाला, "घोषणेच्या विरोधात होतीस ना तू?"

"म्हणूनच. घोषणेत जो पटकन ओरडतो त्यालाच जागा असते. ज्याला उशीर लागतो त्याचं काय?"

"इतका वेळ थांबलो तर लोकांना वाटेल वायर गेली."

"वाटू दे."

नर्सने काठ्या मांडीवर ठेवल्या. "एवढा वेळ ठोका न देता बसायचं म्हणजे..." तिने हवेत हात धरून दाखवले. "सलाईन लावून नर्सने खुर्चीत बसून राहावं तसं आहे हे. पण बसेन."

खाली उतरताना जिन्यात मी बहिणीला म्हटलं, "आणि त्या वेळी डोळे मीट. कुणाकडे बघू नकोस."

ती थांबली. "त्यांनी सांगितलं?"

"माझ्या मनाने सांगतेय."

"खोटं," ती म्हणाली, आणि पुढच्या पायऱ्या उतरली.

त्यानंतरचा कार्यक्रम तिरुवैयारुला, नदीकाठच्या एका मंडपात होता. तिथे कर्नाटक गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी आपल्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात आम्हाला बोलावलं होतं, 'मुलांना सगळं ऐकू दे' म्हणून. सकाळची वेळ. श्रोते कडक. मांडीवर ताल धरून बसणारे, सूर जरा हलला की शेजाऱ्याकडे बघणारे. मामा-मामी टाऊन बसने आले आणि खांबाआड बसले. यावेळी तांदळाचं नाव निघालं नाही.

गाणं चढलं. नदीकडून वारा येत होता. बहिणीने डोळे मिटले आणि ओळ सोडली. आम्ही थांबलो.

विद्यार्थ्यांनी उत्तर दिलं, आणि नेमक्या तिच्या सुरात दिलं, इतकं नेमकं की बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि गिटारवाल्याला हसू आवरेना. मराठी घरं होती त्यांनी मराठीत दिलं. मग ते उत्तर संपलं. आणि आम्ही थांबलेलेच होतो.

तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सगळ्यांचं बोलून झाल्यावरची ती शांतता होती, आणि तरी कुणालातरी अजून बोलायचंय हे सगळ्यांना कळत होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी कपडे आपटत होतं. पुलावर बसचा हॉर्न वाजला. मांडीवर ताल धरणारे हात थांबले होते. नर्सच्या काठ्या हवेत होत्या आणि तिच्या दंडावरची शीर मला दिसत होती. बहीण डोळे मिटून उभी. ती दारात उभी राहते तशी नाही. नुसती, वाट न बघितल्यासारखी.

मग खांबाआडून आवाज आला. बेसूर, घशात अडकलेला, खाकरून मोकळा केलेला.

"जाऊन ये."

आणि त्यानंतर, तेवढंच पुरेसं नाही असं वाटल्यासारखं, जरा मोठ्याने, "लवकर ये."

नर्सने ठोका द्यायला हवा होता. तिने दिला नाही. तिने त्या दोन शब्दांना मंडपभर फिरू दिलं, नदीपर्यंत जाऊ दिलं. कुणी मागे वळून बघितलं नाही, ह्याबद्दल त्या कडक श्रोत्यांची मी जन्मभर आभारी राहीन. बहिणीचे डोळे मिटलेलेच होते, हनुवटी हलत होती. मग काठ्या खाली आल्या, आणि ढोलाचा तो आवाज मी आधी कितीदा ऐकला असेल, पण त्या दिवशी तो माझ्या पायांखालच्या दगडातून वर आला. बहीण पुढचं कडवं गायली. तिच्या गळ्यातून इतका मोठा आवाज निघेल हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला वाटतं तिलाही नव्हतं.

घरी सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. मामा अजून नोकरीचा विषय काढतात. दारात कधी उत्तर देतात, कधी देत नाहीत. ती आता त्यांच्याकडे तोंड करून उभी राहत नाही, रस्त्याकडे बघत 'जाऊन येतें' म्हणते आणि चपलेचा पट्टा सावकाश लावते. मामी सांगते, परवा तर ती कोपऱ्यापर्यंत पोचली होती आणि मामा झोपाळ्यावरून उठून दारात आले. त्यांचं उत्तर सबंध गल्लीने ऐकलं म्हणे.

टाकीवरचा माझा कागद पाण्याने भिजून केव्हाच गळून पडला. गिटारवाल्याची मोटरची सूचना तेवढी आहे.

तुम्ही कधी आमच्या कार्यक्रमाला आलात, आमच्याच असं नाही, अशा कुठल्याही गाण्याला गेलात जिथे गाणारा तुमच्यासाठी जागा सोडतो, तर माझी एक मागणी आहे. उत्तर तुमच्या भाषेत द्या, सुरात नसलं तरी द्या. आणि ते देऊन झाल्यावर लगेच टाळ्या वाजवू नका. थोडं थांबा, मागे वळून बघू नका. तुमच्या मागे कुणालातरी अजून बोलायचं असतं.